शिंगाळ्याच्या जबड्यातलं भोक

चार दिवस माझ्या भाताला सडक्या आतड्यांचा वास मारतोय. ओट्यावर लोणच्याच्या बरणीला खेटून माशांच्या पोटांच्या बाटल्या मांडल्यात. आये, हे तुझ्या पणतीचं कॉलेजचं काम. खाडीतल्या शिंगाळ्याला काय आवडतं ते शोधतेय. आधी पाणी गाळून त्यात खायला काय काय आहे ते मोजते, मग माशाचं पोट फाडून त्यातलं त्यानं काय उचललं ते चिमट्यानं मोजते. काल एका पोटातून केसांचा गुंता निघाला, बिल्डिंगवाल्यांच्या गटारातला. मी तो उचलून फेकायला गेले, तर मलाच म्हणते, "आजी, हात नको लावू ना, सॅम्पल आहे ते!"

तू मला तिसरीतून काढून कळंबच्या किनाऱ्यावर मासळी निवडायला बसवलंस, तेव्हाचं आठवतं? शिंगाळ्याच्या पोटात बारीक कोळंबीसारखा जवळा दिसला आणि मी ओरडले, याला जवळा आवडतो! तू ओल्या हातानं थोबाडीत दिलीस. "डोलीतला हाय तो. जाल्यात जवल्यासंगं कोंडलाय, दुसरं काय खानार? आवड बगायची तर गलाला लागलेला बग." गळाच्या माशाच्या जबड्याला भोक असतं, तेही तूच दाखवलंस.

हे सगळं मी पोरीला फुशारकीनं सांगितलं. तिनं वहीत उतरवलं, तिच्या बाईंनाही पटलं. "मग आजी, गळाचेच आण हां." तीन सकाळी किनाऱ्यावर विचारत फिरले. जाळं शिवणारा एक जण हसला, "म्हातारे, गल टाकतंय कोन आता? पोरं कॉटेजवाल्यांना चहा देतात."

मग मी डोलीच्या जाळ्यातलेच आणले. घराच्या मागं बसून गोधडीच्या सुईनं एकेकाच्या जबड्याला भोक पाडलं. बाटल्या एकदाच्या ओट्यावरून जाव्यात, एवढंच डोक्यात. पोरीनं प्रत्येक जबडा उघडून बघितला आणि तशाच बरबटल्या हातांनी माझ्या गळ्यात पडली. तिच्या हातांची नाही, मला माझीच किळस आली.

आता तिनं लिहिलंय, शिंगाळा जवळाच निवडतो. सोमवारी बाईंसमोर वाचणार. जिच्यासाठी मी थोबाडीत खाल्ली तीच चूक, तिच्या सुंदर अक्षरात.

ही चिठ्ठी तांदळाच्या डब्याखाली राहील, तुला कसली पोचतेय. सुई अजून धुतलेली नाही. आणि तू मध्ये पडू नकोस, पोरीच्या स्वप्नात जाऊन काही बोलू नकोस. ती भोकं कुणाची, याचं उत्तर मीच द्यायचं. आज, ती जेवायला बसायच्या आधी.