गाडी उलार व्हईल म्हनून

पोशीर, मंगळवार

सुरेखा,

नाय, किरणला कायबी लागलं नाय. हात, पाय, डोकं, समदं जागच्या जागी हाय. तू इचारलं नाय ते मला ठावं हाय. तुझा पोरगा रविवारी मित्राच्या साखरपुड्याला गेला असंच तुला वाटतंय. पन उद्या कोन कायबाय सांगंल, त्याच्या आधी सख्ख्या भावाकडनं ऐकलेलं बरं. तुला आशीर्वाद, दाजींना नमस्कार, त्यांचा गुडघा कसा हाय ते कळव (माझा इचारू नको, हाय तसाच हाय). फोन केला असता, पन मी फोनवर बोललो का अर्ध्या पोशीरला ऐकू जातं, नि किरण माझ्याच घरात ऱ्हातो. म्हनून कागद.

तर दोन वरसं माझ्या गोठ्यात त्यानं जी ठोकठोक केली ना (तुला सांगितलं, जुनी गाडी दुरुस्त करतोय), ती शर्यतीची गाडी हाय गं. दोन मानसं कशीबशी मावतात, टप नाय, बसलं का वाटतं बूड रस्त्यावरच टेकलं. लोक गाडी घेतली का तिच्यात कायतरी घालतात, गादी घालतात, देवाचा फोटो लावतात. हा काढतच सुटला. पायपुसनी काढली, हारन काढला, दाराच्या कडीलासुद्धा भोकं पाडली. का, तर गाडी हलकी पायजे. रविवारी सकाळी तुझ्या वहिनीनं दोन भाकऱ्या वाढल्या तर एकच खाल्ली, वजन वाढतं म्हनून.

शर्यत खालापूरच्या पल्याड, डोंगरावर बंद पडलेली खान हाय तिकडच्या रस्त्यानं. नऊ वळनं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला कायच नाय. एका टायमाला एकच गाडी, घड्याळ लावून खालनं वर पळवायची. वर काय हाय म्हनशील, तर एक मंडप नि पान्याचं पिंप. मी तेच इचारलं, तर म्हनतो, "मामा, वर पोचायचं नसतं, लवकर पोचायचं असतं." 

सकाळी सरावाची एक फेरी झाली. किरणला एक मिनिट बावन्न सेकंद, तीस गाड्यांत पैला. समदे त्याची पाठ थोपटत व्हते. मी मातर गाडीचं तोंड बघत व्हतो. चढाला लागताना ते वर उचललं व्हतं. नि मग त्यानं तपासनीसाठी पुढचं झाकन उघडलं, तवा मी वाकून बघितलं. आत काय नाय. इंजिन पाठी, चालवनारा मधी, पुढं निस्तं रिकामं खोकं. तू पन बैलगाडीत बसलीयस ना? पाठी वजन जास्ती झालं का काय व्हतं? उलार व्हते, तोंड आभाळात. भाताची गाडी चढाला लागली का बाबा तुला उचलून पुढं बैलांच्या पाठी बसवायचे ते कशासाठी? हे मी त्या तपासनीवाल्या साहेबाला समजावाया गेलो (गळ्यात शिटी, डोळ्याला काळा चष्मा). तो म्हनला, "काका, ही बैलगाडी नाय." ते मलाबी दिसतं. बैलगाडी असती तर निदान बैल तरी शहाने असते.

तपासनी झाली नि किरण डायवरांच्या मीटिंगला गेला. मला गाडीपाशी उभा केला, कोनाला हात लावू देऊ नका म्हनला. कोनाला लावू दिला नाय. माझ्या टेंपोत तांदळाची गोन व्हती, पंचवीस किलोची. ती उचलली, त्या पुढच्या खोक्यात नीट आडवी घातली, नि झाकन लावून टाकलं.

मग तो सुटला. सुरे, मी भिनारा मानूस नाय, भाताच्या काडातला साप मी हातानं काढलाय. पन तिसऱ्या वळनापर्यंत गाडी दिसली नि पुढं निस्ता आवाज ऱ्हायला. हातात शेवेचा पुडा व्हता, त्याचं पीठ झालं. सातव्या वळनापाशी आवाजच बंद. डोंगर मधी येतो म्हनून तसं व्हतं, असं मागनं कळलं. तवा कोन सांगनार? मला निस्ती तू दिसत व्हतीस, नि तुला काय सांगायचं ते सुचंना. साखरपुड्यात गेला म्हनून सांगू? मग आवाज आला नि मी पुड्यातलं पीठ तोंडात टाकलं.

एक मिनिट छपन्न. चार सेकंद जास्ती. सकाळी पैला, दुपारी सातवा. मी मनात हरकलो, का तोंड जरासुद्धा उचललं नवतं. पोरगा खाली आला, डोक्यावरचं टोपडं काढून चाकाला टेकून बसला, नि म्हनला, "मामा, गाडी तीच, रस्ता तोच. मीच भ्यालो."

तवापासनं आज तिसरा दिस, इंजिन दोनदा खोललं. खोट काय सापडंना. पुढचं झाकन उघडीत नाय, तिथं काय नसतं हे त्याला ठावं हाय ना. आता वजनाची भीती नाय तरी भाकरी एकच खातो. येत्या रविवारी पुन्याचा एक मानूस गाडी न्यायला येतोय, इकून टाकली. मला तेच पायजे व्हतं. दोन वरसं देवाकडं तेच मागत व्हतो. मग गोठ्याकडं बघवत का नाय ते देवालाच ठावं.

म्हशीची येळ झाली, थांबतो.

तुझा दादा,
वाल्मिक

ता.क. गोन अजून त्या खोक्यातच हाय, नि ती तुझी हाय. नव्या भाताचा तांदूळ, दर वरसाला देतो तो. शर्यतीवरनं परतताना मोहोपाड्याला तुझ्या घरी टाकनार व्हतो. तो तुला पोचला असंच किरणला वाटतंय.

ता.क. दुसरा. पुन्याचा मानूस झाकन उघडनार. म्हनून शनिवारपर्यंत तू ये. शुक्रवारी पोरगा दिवसभर कामावर असतो, तवा गुपचूप नेलीस तर गाडी जाईल, पोरगा सुखरूप ऱ्हाईल, नि जल्मभर मी भ्यालो म्हनत बसंल. शनिवारी तो घरी असतो, त्याच्यासमोर गोन काढलीस तर पुढच्या शर्यतीला परत जाईल, नि ह्या येळी बावन्नच्याबी आत. मी दोनदा त्या झाकनाला हात लावला नि दोनदा पाठी फिरलो. तू आई हायेस, शुक्रवार का शनिवार ते तू ठरव. माझं मत इचारू नको. मी ह्याच्यावर आता एक अक्षर बोलनार नाय.