आईचं तपकिरी खत

४ नोव्हेंबर

आईच्या पांढऱ्या ऑर्किडचं आणखी एक पान पिवळं पडलं. खालचं नाही – वरचं! खालचं असतं तर म्हटलं असतं, जुनं झालं, गळणारच.

बाबा म्हणाले, "खत कमी पडतंय." बाबांच्या मते सगळ्या दुखण्यांवर एकच औषध.

६ नोव्हेंबर

चष्म्याचं दुकान बंद करून तशीच नर्सरीत गेले. दिवसभर लोकांना विचारते, "हे अक्षर स्पष्ट की ते?" आणि तिथे खतांच्या फळीसमोर मलाच काही दिसेना. वाढीचं वेगळं, फुलांचं वेगळं, कॅल्शियमचं वेगळं, मुळांसाठी समुद्री शेवाळाचा अर्क. नर्सरीवाल्या बाईंना म्हटलं, "तपकिरी द्या. पातळ. वास न येणारं."

"नाव काय त्याचं?"

नाव माहीत असतं तर रडले असते कशाला!

आईचं शेवटचं वर्ष. जुन्या घराची गॅलरी, वेताची खुर्ची, मांडीवर शाल आणि हातात ती सरबताची काचेची बाटली. औषधांनी तिला वार कळायचा नाही, मघाशी काय खाल्लं ते आठवायचं नाही. पण खताची बाटली मात्र बरोबर मागायची. बाबा आत जाऊन कालवून आणायचे आणि ती एकेका कुंडीत घालायची. उन्हात ते पाणी काय सुंदर दिसायचं! त्या वर्षी पांढरं ऑर्किड असं फुललं की वरच्या मजल्यावरची माणसं बघायला यायची. आई म्हणायची, "माझ्या हाताला गुण आहे." बाबा मागे उभे राहून मान डोलवायचे.

तसं ते पुन्हा कधी फुललं नाही. आता तर जगतंय की नाही, हीच भीती. आईचं म्हणून एवढं एकच जिवंत उरलंय माझ्याकडे. साड्या काय, कपाटात पडून असतात.

शेवाळाचा अर्क आणला, आणि एक साधी पावडर. बाई म्हणाल्या, "पाकिटावर लिहिलंय त्याच्या पावपटच घाला. हे झाड फांदीला चिकटून जगणारं, त्याला भरल्या ताटाची सवय नाही."

७ नोव्हेंबर

अर्क उघडला – घरभर बंदराचा वास! आईचं हे नव्हे. बाबांना विचारलं, कुठलं होतं हो ते?

"ते आता मिळत नाही."

"पण नाव तरी?"

"मिळत नाही म्हटलं ना!" आणि पेपर डोळ्यांसमोर.

म्हणजे नाव विसरले. कबूल करवत नाही, एवढंच.

१५ नोव्हेंबर

दुपारी डोकं दुखायला लागलं म्हणून लवकर घरी आले. बाबा गॅलरीत. आईच्याच त्या सरबताच्या बाटलीतून गुणगुणत खत घालत होते.

"बाबा, सकाळी घातलंत ना?"

"छे! आज कुठे घातलं?"

मी स्वतः पाहिलं होतं सकाळी. कुंडी उचलून बघितली – कडेला खताची पांढरी खरपुडी, मुळांची टोकं काळी. उपाशी कसलं, झाड खाऊन खाऊन मरायला टेकलंय! किती दिवस चाललंय हे, कोण जाणे. झाडाचं, आणि बाबांचं.

चहा केला. तो घेतल्यावर त्यांनी विचारलं, "आज चहा नाही का?"

१६ नोव्हेंबर

भावाचा फोन. "सरळ बाटली काढून घे त्यांच्या हातातून." तिकडे बसून बोलायला काय जातंय! स्कूटरची किल्ली मी काढून घेतली. गॅस मी बंद करून जाते. बँकेचं मी बघते. आता हेही काढून घेतलं तर त्यांनी दिवसभर करायचं काय? भिंतीकडे बघत बसायचं?

पण झाड मेलं तर मी त्यांच्यावर चिडेन, हेही मला माहीत आहे. आणि ते काही मला आवडणार नाही.

१७ नोव्हेंबर

नर्सरीवाल्या बाई म्हणाल्या, मुळं धुवून काढा, कुंडीत मातीऐवजी असतात ते सालीचे तुकडे नवे घाला, आणि नवं मूळ फुटेपर्यंत नुसतं पाणी. खताचं नावसुद्धा नको.

मग मला सुचलं. सगळी खतं दुकानाच्या खणात नेऊन कोंडली. बाटलीत नळाचं पाणी भरलं. बाबांना म्हटलं, "नवीन आलंय. याला रंग नसतो." बापाशी इतकं धडधडीत खोटं शाळेत असतानाही बोलले नव्हते.

त्यांनी बाटली उजेडात धरली. मग माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले.

२० नोव्हेंबर

सकाळी घातलं. दुपारी घातलं. बहुतेक मधेही. घाला बाबा, हवं तेवढं घाला!

१ डिसेंबर

आज जुन्या गोष्टी निघाल्या. बाबांनी एकदा माशांचं खत घरी आणलं होतं, तेव्हा आईने त्यांना कपडे बदलल्याशिवाय जेवायला बसू दिलं नव्हतं. इतके हसलो! काल काय झालं ते बाबांना आठवत नाही, पण तेव्हा आईने कुठला झारा उगारला होता ते बरोब्बर आठवतं. मला हेवा वाटला. माझ्या आठवणीत आई आजारीच जास्त आहे.

१९ डिसेंबर

मुळाला हिरवं टोक! बारकं, पण आहे. पुसून पुसून दोनदा बघितलं.

८ जानेवारी

फुलाचा दांडा!! मूळ नव्हे, दांडाच – वर वळलाय. बाबांनीच आधी पाहिला. "बघितलंस? खत लागू पडलं की नाही?" मी घाईने स्वयंपाकघरात गेले. हसू येत होतं की रडू, माझं मलाच कळेना.

कळ्या धरायच्या आधी एकदाच आईचं ते तपकिरी खत मिळायला हवं होतं. बाबा खुशीत होते म्हणून पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्या कपाळावर थोपटलं फक्त, मी लहान असल्यासारखं.

१२ जानेवारी

सकाळी बाबांनी बाटली भरून घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "अगं, निदान थोडा चहा तरी घालत जा यात. तुझ्या आईला मी तसंच द्यायचो."

दुपारचा चहा टाकला तेव्हा थोडा कोरा बाजूला काढून ठेवला.