सातव्या पानावरचं कलम

अण्णा, त्या सकाळी म्हशीची धार काढून झाली होती, चुलीवर भाकरी होती आणि माझे हात पिठाचे. तुम्ही ओट्यावर बसून हिरड्याच्या मलमाची बाटली उन्हात धरून बघत होता. ऐन वैशाखातही तेल सुटणार नाही अशी कृती तुम्ही शोधली होती, पेटंट तुमच्या नावाचं होतं आणि पुण्याच्या एका कंपनीला ती वापरायला हवी होती. त्या कंपनीचा इंग्रजी करार घेऊन जुन्नरचे औषधदुकानवाले शेठ, तुमचे जुने दोस्त, आपल्या गावी, बोरीला आले.

"अण्णा, एकदा वकिलाला दाखवू," शेठ म्हणाले.

"वकील कशाला? माझी लेक हाय की! नवरा गेल्यापासनं डिक्शनरी घेऊन बसती, ती काय उगाच?"

"हुशारच आहे ती. पण हे कंपनीचं इंग्रजी, राव. मला बाटलीवरचं कळतं तेवढंच."

"मग तुमी बाटल्याच वाचा, शेठ."

दोघंही हसलात. मी हात धुऊन वाचायला बसले. मलमाच्या विक्रीवर तुम्हाला ठरलेला हिस्सा, म्हणजे रॉयल्टी, हे मी नीट सांगितलं. सातव्या पानावर अडले. मलम दुसऱ्या औषधात मिसळून विकलं तर काय, असं ते कलम होतं. तीनदा वाचलं. शब्द सगळे ओळखीचे, पण त्यातून काय होणार ते कळेना. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता. विधवा होऊन माहेरी आल्यापासून माझ्याकडे इतक्या अभिमानानं कुणी बघितलं नव्हतं. मी म्हणाले, "मागचंच परत लिहिलंय, अण्णा," आणि पान उलटलं. तव्यावरची भाकरी करपली. तुम्ही सही केलीत.

दोन वर्षं हिस्सा नीट आला. मग कंपनीनं त्याच मलमात खाजेचं औषध घालून नवी ट्यूब काढली, जुनी बंद केली आणि हिस्सा चहापाण्यापुरता उरला. तुम्ही मला घेऊन भर बाजारच्या दिवशी शेठच्या दुकानात गेलात.

"दोस्ताला इकलंत तुमी, शेठ!"

"अण्णा, करारातच तसं असेल. पोरीला विचारा."

"तिनं अक्षर न् अक्षर वाचलंय!"

गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. शेठनं माझ्याकडे बघितलं. मी काचेच्या कपाटातल्या बाटल्या बघत राहिले. घरी येऊन सातवं पान काढलं, तर आता एका वाचनात कळलं: मिसळून विकलं तर रॉयल्टी फक्त आपल्या मलमाच्या वाट्यावर, आणि तो वाटा किती ते कंपनी ठरवणार. कुणी फसवलं नव्हतं. वकिलानं ते तेव्हाच दाखवलं असतं.

तुम्ही पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाहीत. शेठ तुमच्या मातीला आले आणि लांब, कुंपणापाशी उभे राहिले. ते अजून आहेत, अण्णा. थकलेत. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगते आहे, कारण तुम्ही काही विचारणार नाही.

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या. मी जुन्नरला गेले नाही. आळेफाट्याच्या दुकानातून घेऊन आले.