मार्नीच्या नावानं मी भरलेली प्रश्नावली

प्रिय बर्नाडीनताई,

धाकट्या लाइलचा लवून नमस्कार. कंबर कशी आहे? (डुलुथचं सगळं बर्फ तू एकटीनंच उपसायला हवं असं काही नाही.) आम्ही खुशाल आहोत, म्हणजे मार्नी खुशाल असावी असा माझा आपला अंदाज. तिची आई ओमाहाला राहायला गेल्यापासून पोरगी माझ्याशी ‘हं’च्या पुढे बोलत नाही. जीव तुटतो गं.

त्यात शाळेची चिठ्ठी आली. सातवीच्या मुलांना घर, झोप, मन यांबद्दल प्रश्नावली देणार, उत्तरं निनावी राहणार, पालकांनी हवी तर आधी पाहून घ्यावी. माझं टाळकंच सटकलं. बापाला सांगत नाही ते शाळेला सांगणार? मी तडक संगणकावर मार्नीच्याच शाळेच्या खात्यातून ती उघडली. आता गंमत बघ, एकाचं उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न दिसेचना. मग काय, दिली उत्तरं. (खोटं बोलायला आईनं शिकवलं नाही, हे तिचं जरा चुकलंच.) झोप? तुटक. कॉफी? किटलीभर. अंगदुखी? मक्याच्या कापणीपासून दोन्ही गुडघे. घरी मनातलं कुणाशी बोलता? कुणाशीच नाही. शेवटी ‘पाठवा’ हे एकच बटण उरलं होतं, ते दाबलं.

दुसऱ्या दिवशी समुपदेशक प्रुइटबाईंनी मार्नीला बोलावून पाठीवरून हात फिरवला आणि ‘‘कॉफी जरा कमी कर हं, बाळ,’’ म्हणाल्या. गाडी गुडघ्यांवर आल्यावर मार्नी म्हणाली, ‘‘बाई, हे माझे बाबा आहेत.’’

घरी आल्यावर दप्तरही न टाकता ती माझ्यासमोर उभी राहिली. म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. तर म्हणते कशी, ‘‘बाबा, तुला खरंच कुणीच नाही बोलायला?’’ ताई, मी फ्रिज उघडून आत डोकं घातलं आणि लोणी शोधत बसलो. लोणी टेबलावर होतं.

मग माझी ट्यूब पेटली. उत्तरं निनावी, तर प्रुइटबाईंना मार्नी सापडली कशी? शाळा मंडळाच्या सभेत पालकांना माईकवर बोलायला तीन मिनिटं मिळतात, त्यातली निम्मी मी घसा खाकरण्यात घालवली. अधीक्षक ऑस्बर्नसाहेब गोड हसून म्हणाले, ‘‘कोणतं उत्तर कुणाचं, हे आम्हाला कळूच शकत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘मग माझे गुडघे शाळेला कुणी सांगितले हो?’’ सभागृह खो खो हसलं. प्रुइटबाई स्वतःच उठल्या आणि म्हणाल्या, नावं दिसतात, आणि मला ते पहिल्यापासून खटकतंय. (बाई चांगली आहे, मी मनातल्या मनात उगाच नावं ठेवत होतो.) मंडळानं तिथल्या तिथं प्रश्नावली थांबवली. आता आधी नावं काढणार, पालकांना छापील नमुना दाखवणार, आणि देखरेखीच्या समितीवर कोण, तर मी! पोरांच्या मनातलं त्यांच्या परवानगीशिवाय कुणी उकरायचं नाही, असं मी ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या.

तुझा,
लाइल

ता. क. मार्नी तुझ्याशी फोनवर तासन्तास काय बोलते, ते मला गुपचूप कळव ना. नाव गाळलंस तरी चालेल.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवायच्या आत मार्नीनं पत्र वाचलं. वरचं विसर. ‘‘आत्याला कशाला विचारतोस? मला विचार की!’’ म्हणाली, आणि खुर्ची ओढून समोर बसलीय. ताई, काय विचारू गं?