डागांच्या पेजची वारस

मी, इस्त्रीवाली मावशी, पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि सकाळचा चहा पिऊन, लाँड्रीतल्या साऱ्याजणींसमोर हे मृत्युपत्र सांगते आहे. हात थरथरतात, म्हणून वकीलबाई लिहून घेत आहेत. डोके ठणठणीत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी भांडून पाहावे.

गावाकडचे घर आणि बँकेतली शिल्लक मुलाची. सून फोनवर माझ्याशी धड बोलत नाही, तरी चांदीचे पैंजण तिलाच द्यावेत. वाजले की सासू आठवेल, एवढी शिक्षा पुरे.

लाँड्री, यंत्रांसकट, इथे राबणाऱ्या बायकांची सामाईक. आम्ही साऱ्याजणी परमुलखात लोकांची घरे पुसायला आलो. मी मोबाइलवर डाग काढायचे व्हिडिओ टाकू लागले. मालकिणीने ओळखू नये म्हणून फक्त हात दाखवायचे. बघता बघता गिऱ्हाइके जमली, माझ्यासारख्या बायका जमल्या आणि लाँड्री उभी राहिली. नव्याने आलेल्या बाईला माळ्यावरची खाट आणि काम मिळालेच पाहिजे. तिचा पासपोर्ट तिच्याकडेच राहील.

आता मोबाइलवरचे हे व्हिडिओंचे पेज. सगळे काम त्यावरूनच येते. मुलगा म्हणतो, "आई, तुझ्यामागे व्हिडिओत बोलणार कोण? ती साबणाची कंपनी विकत मागतेय तर देऊन टाक." माझी इच्छा आहे, ते धाकट्या जावेला मिळावे. गेली दोन वर्षे व्हिडिओत तिचेच हात आहेत, आवाज तेवढा माझा. तिने जन्मभर माझ्या स्वयंपाकाला नावे ठेवली, पण माझा जीव आहे तिच्यावर. अडचण एकच. ती म्हणते, "ताई, चार माणसांत माझी दातखीळ बसते." म्हणून अट अशी: माझ्या देखत ती चारचौघांत बोलली तर पेज तिचे, नाहीतर कंपनीचे.

मी गेल्यावर पेजवर माझा फोटो नको, रडके गाणे तर मुळीच नको. दुसऱ्याच दिवशी रक्ताच्या डागाचा व्हिडिओ करावा. कपडा आधी कढत पाण्यात बुडवून

(इथे धाकटी दारातून ओरडली: "अहो ताई, कढत नाही, गार! कढत पाण्यानं डाग पक्का बसतो, मग घासत बसा जन्मभर! तुम्हीच शिकवलंत ना सगळ्यांना?")

वकीलबाई, हे शब्दन् शब्द लिहा. कढत पाणी मी मुद्दाम म्हणाले. अट पुरी झाली. पेज तिचे.

सही: इस्त्रीवाली मावशी (वाकडी आहे, पण माझीच)
साक्षीदार: १. कोपऱ्यावरचा चावीवाला २. वरच्या मजल्यावरची नर्स
ठिकाण: लाँड्रीची मागची खोली
दिनांक: महिन्याचा पहिला रविवार. सह्या झाल्या, धाकटी अजून बोलतेच आहे.