मशीन यांची वाट बघतं

११ एप्रिल २०१६, सोमवार

पुन्हा तेच! बटण दाबून हे लिंगपूजेला बसले. पूजा झाली, विभूती लावून झाली, चहाही झाला — आणि पडद्यावर ते गोल चक्र अजून फिरतंच आहे.

"पंधरा मेला सभा हाय, नीला. अन् हे मशीन मला एक ओळ लिहू देईना!" टेबलावर हात आपटला. माउस खाली पडला. मी उचलून ठेवला.

दूध संस्था बंद करायचा ठराव आहे. जनावरंच उरली नाहीत तर संस्था कशाची? निम्मी चारा छावणीत, निम्मी बाजारात गेली. संस्था सुरू झाल्यापासून हेच चेअरमन. शेवटचं मनोगत स्वतः लिहिणार, कुणाला हात लावू देणार नाहीत. मन्मथप्पा बोलायला उभे राहिले की विरोधकही तंबाखू मळायचे थांबतात, असं लोक म्हणतात. मी पाहिलंय. खरंच थांबतात.

आजवर एकच ओळ लिहून झाली आहे. 'सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो.' महाशिवरात्रीपासून तेवढीच आहे.

१२ एप्रिल

टँकर आला नाही.

१४ एप्रिल

संगमेशचा पुण्याहून फोन. मीच फोन कानाला लावून कॉम्प्युटरसमोर बसले.

"आई, उजवीकडे खाली काय दिसतंय?"

"राख."

खूप हसला. मी विनोद केला नव्हता. पाणी नाही म्हणून थर्मलचं वीज केंद्र बंद आहे, तरी त्याच्या राखेच्या तळ्यातली सुकी राख वाऱ्यावर उडून येतेच. सकाळी पुसलं की दुपारी बोटाने नाव लिहावं इतकी.

मग तो सांगत गेला, मी करत गेले. हे बंद कर, ते काढ, कचऱ्याची टोपली रिकामी कर. हे मागे उभे. "माझी फाईल पुसशील बघ!" एकाच ओळीची फाईल. म्हटलं, नाही पुसत.

मी टाईप करताना बोटांकडे बघत नाही, याचं यांना अजून नवल वाटतं. औरंगाबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना आमच्या हातांवर टॉवेल टाकायच्या. टॉवेलखाली बोटं, खिडकीबाहेर गुलमोहर, आणि एका तालात चाललेली ती सगळी टाईपरायटरं. पावसाच्या आवाजासारखी. तो आवाज मला अजून कधीकधी येतो.

घरात कॉम्प्युटर आला तेव्हा यांना मीच शिकवलं. दोन बोटांनी टाईप करायचे, पण झपाट्यानं. "तुझ्या सिस्टरबाईला म्हणावं, दोन बोटांत दहा बोटांचं काम करतो!" संस्थेची पत्रं अशीच धडाधड जायची.

एवढं सगळं केलं. फरक काहीच नाही.

१७ एप्रिल, रविवार

महारुद्र आला. यांचा पुतण्या, स्टेशन रोडला कॉम्प्युटरचं दुकान. चाळिशी ओलांडली, पण घरात शिरताना अजून "काकू, खायला काय?" हेच.

सीपीयू अंगणात नेऊन उघडला. आत पंख्यावर राखेचा थर, चुलीत असतो तसा! ब्लोअर मारला तर तुळशीवर राख उडाली. केसरबाई भांडी घासत होती, ती ओरडली, "आरं, मी पानी कुटून आणू परत? तुज्या दुकानातून?"

"मावशी, कॉम्प्युटरची आंघोळ चाललीय."

"मानसाला न्हाई आंघोळीला, अन् तू डब्याला घाल."

हे व्हरांड्यात बसून बघत होते. महारुद्र म्हणाला, "काका, तुमचं हे मशीन म्हणजे भाकड म्हैस झालीय. चाऱ्याला फुल्ल, दुधाला नील!"

"इक मग, काढ बाजारात," हे म्हणाले. दोघं हसले. कितीतरी दिवसांनी हसले हे.

राख काढली. संध्याकाळपर्यंत बरं चाललं म्हणाले. रात्री जेवताना — "परत स्लो."

२० एप्रिल

केसरबाई मिरच्या-मीठ घेऊन आली. कॉम्प्युटरवरून ओवाळून चुलीत टाकलं. "नजर लागली असंल. चेअरमनसाबाच्या मशीनला कोन बगत न्हाई!"

मला ठसका आला, खिडकी उघडली.

२४ एप्रिल, रविवार

महारुद्रने आज निकालच लावला. पेन ड्राईव्हवर यांची फाईल काढून घेतली, फॉरमॅट मारला, नवी रॅम बसवली. "काकू, आता बघा, घोडा! बटण दाबा आणि डोळे मिटायच्या आत हजर."

खरंच हजर. मला फार बरं वाटलं. सभेला अजून तीन आठवडे आहेत, होईल मनोगत. महारुद्रला शेंगापोळी बांधून दिली.

२५ एप्रिल

लिहायला बसले आहे, पण काय वाटतंय ते सांगता येत नाही. काही वाटत नाही, असंच म्हणावं लागेल.

सकाळी यांनी बटण दाबलं आणि पूजेला वळले, तेवढ्यात पडदा उजळला. हे थबकले. "आरं! माझ्याआधीच येऊन बसलं की!" पूजा घाईनं आटोपली.

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. फाईल उघडली — लगेच. ती ओळ आली — लगेच. तिच्यापुढे ती उभी रेघ, लुकलुक करणारी. हे बसले. बोट वर उचललं. 'र'वर न्यायचं होतं बहुतेक. बोट हवेत राहिलं. मग 'क'वर गेलं, परत आलं. रेघ लुकलुकत होती. कुठलं चक्र नाही, काही नाही. मशीनकडून सगळं तयार होतं.

आधी हे मशीनची वाट बघायचे. आता मशीन यांची वाट बघतं.

पोळी तव्यावर जळली. वास आल्यावर कळलं.

२६ एप्रिल

आठवायला गेलं की सापडत जातं. संक्रांतीला यांनी महारुद्रच्या आईला दोनदा तिळगूळ दिला. बँकेतून घरी न येता वैद्यनाथाच्या पायऱ्यांवर बसून राहिले, "जरा दर्शन घ्यावं वाटलं" म्हणाले. नांदेडच्या भाच्याचं नाव आठवेना. चष्मा. दर वेळी काहीतरी कारण होतं. ऊन, आवाज, गर्दी. नंतर मशीन.

२८ एप्रिल

"परत स्लो झालंय बघ."

झालेलं नाही. मी म्हटलं, "हो."

३० एप्रिल

उन्हाची स्टेशन रोडला गेले. महारुद्रच्या दुकानात पीक विम्यासाठी रांग. त्याला बाजूला घेतलं.

"जुनी रॅम आहे का रे तुझ्याकडे?"

"पडलीय की डब्यात. का?"

"ती परत बसव. नवी काढ."

"काकू!" हसायला लागला. "लोक इथं फास्ट करून द्या म्हणून पाया पडतेत. स्लो करून मागणारं गिऱ्हाईक पयलंच बघितलं!"

मी छत्रीची मूठ धरून उभी होते. त्याचं हसू हळूहळू गेलं.

"काकाला...?"

"ऊन फार आहे यंदा," मी म्हटलं.

तो डब्यात हात घालून शोधत राहिला. बराच वेळ. माझ्याकडे न बघता म्हणाला, "संध्याकाळी येतो. धूळ साफ करायला आलो म्हणतो."

कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की चॅपेलमध्ये गुडघ्यावर बसावं लागायचं. आम्ही लिंगायत पोरी, पण बसवायच्याच. आता गुडघे तसेही दुखतात.

१ मे

चक्र फिरतंय. पूजा झाली, चहा झाला, मग पडदा. हे खुर्चीत आरामात टेकून बसले.

"आता कसं! आपल्या चालीनं चालतंय."

५ मे

यांना म्हटलं, तुम्ही सांगा, मी टाईप करते, मशीनचं काय खरं नाही. चक्क हो म्हणाले.

सांगायला बसले तेव्हा पहिल्या ओळीनंतर गप्प. मग एकदम सायकलवर कॅन बांधून पहाटे पाच वाड्या फिरायचे ते दिवस. चढावर सायकल कलंडली, सगळं दूध नाल्यात गेलं, आणि कुत्र्यांनी पुढे तीन दिवस यांची पाठ सोडली नाही. हसत हसत सांगत होते. त्यातलं एक अक्षर चुकलं नाही! मी भराभर टिपत गेले. ठरावाचं, दुष्काळाचं, आभाराचं मी माझ्या मनानं जोडलं. कळलं नाही यांना.

११ मे

यांनी दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. आवाज तोच, खणखणीत. केसरबाई दारात उभी राहून ऐकत होती. "साब, म्हैस इकली नसती तर आत्ता दूध घातलं असतं तुमच्या संस्थेत!"

होईल. सभा नीट होईल. तेवढं व्हावं. लोकांसमोर हसं होऊ नये, बाकी मग बघू.

१५ मे, रविवार

संध्याकाळ. लिहून ठेवते, नाहीतर लिहिणार नाही.

सभा दूध संकलन केंद्राच्या शेडमध्ये. भिंतीशी कॅन उपडे मांडलेले. बायका एका बाजूला सतरंजीवर, मी केसरबाईजवळ. तीही सभासद आहे.

हे उभे राहिले. कागद काढला, पहिली ओळ छान वाचली. मग मान वर केली आणि त्या कॅनकडे बघत राहिले. कागद घडी करून खिशात ठेवला.

"सकाळचं संकलन किती झालं?"

सचिव बिभीषण माझ्याकडे बघायला लागला.

"बिभीषण, मी विचारतोय! संकलन किती?"

माझे हात मांडीवर होते. ते माझे आहेत असं वाटत नव्हतं.

तेवढ्यात मागून सुग्रीव उठला. हा यांच्याविरुद्ध प्रत्येक निवडणूक लढला आणि हरला. यांना भर बाजारात हुकूमशहा म्हणालेला माणूस. आज ठरावावर गोंधळ घालणार, असं सगळेच सांगत होते. त्यानं टोपी सरळ केली.

"लई झालं, चेअरमनसाब. कॅन पुरंना गेलेत."

"फॅट?"

"फॅट बी लई चांगली हाय."

"मग ठीक. जनावरांना जपा," हे म्हणाले आणि खाली बसले.

आधी सुग्रीवने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. केसरबाई वाजवता वाजवता डोळे पुसत होती.

नंतर ठराव झाला. हात वर करून मंजूर. यांनीही हात वर केला.

बाहेर पडताना मी सुग्रीवजवळ थांबले. तोच म्हणाला, "वहिनी, आता भांडायला कोन राहिलं मला?"

१६ मे

महारुद्रने लातूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली. पुढच्या बुधवारी. संगमेश येतो म्हणाला. मला रडू येत नाही. डाळ निवडली.

१९ मे

राख फार साचली होती. डोक्याला फडका बांधून झाडत झाडत यांच्या खोलीत गेले. हे मशीनसमोर. मान वर करून बघितलं, आणि खुर्ची पुढे सरकवली.

"या बाई. महारुद्रनं धाडलं ना तुमाला? बसा."

मी बसले.

यांनी दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला. "मशीनला काही झालं न्हाई. कळतंय मला. माझंच डोकं चालंना. पण आमची नीला आली की मशीनच बिघडलंय म्हणून सांगा. ती लई भिते. सांगाल ना?"

"सांगेन," मी म्हणाले.