कोयता शेजारणीकडे आहे

दादा,

आज पाचवा दिवस, मी वेलीला हात लावलेला नाही. सालवडच्या या घरामागे चार पानवेली आहेत. गेल्या आठवड्यातल्या थंडीनं त्यांची पानं काळी पडून लोंबताहेत, आणि सभेत तास तास बोलणारी तुमची मुलगी दाराशी उभी राहून नुसती बघते आहे. कोयता शेजारणीकडे ठेवायला दिला आहे.

माकुणसारच्या वाडीतला तो पौष डोळ्यांपुढून हलत नाही. तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं काम नुकतंच सुरू झालं होतं आणि मी गावोगाव सभा घेत हिंडत होते. कुजलेलं उपटून टाका, वाट बघत बसणं हा भित्र्यांचा धर्म आहे, असं बोलून, टाळ्या घेऊन घरी आले तर तुम्ही तापानं अंथरुणात, आणि वाडीत आईनं लावलेली पानवेलींची ओळ गार वाऱ्यानं काळवंडलेली. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं. ‘‘कापू नको, बाय,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘मेलेलं पान खालच्या डोळ्याला, नव्या कोंबाला पांघरूण हाय. सकाळी विहिरीचं कोमट पाणी दे, बुंध्याला पेंढा घाल, माघ सरू दे. धीर नाय धरवला तर नखानं वेलीची साल खरवड. हिरवं दिसलं का गप घरी ये.’’

तीन दिवस मी पाणी दिलं. चौथ्या दिवशी पानवाडीचा रिवाज पाळून चपला बांधाबाहेर काढल्या, अनवाणी आत शिरले आणि कोयत्यानं ओळ साफ केली. नख लावून पाहिलंही नाही. दोन वेली वाचल्या, त्या केवळ हात दुखला म्हणून. आठवड्यानं थंडी परत आली. उघडे पडलेले बुंधे कुजले. माघ सरताना कोंब फुटले ते त्या दोघींनाच.

तुम्ही काठी टेकत वाडीत आलात. मी म्हणाले, थंडीनं नेल्या. सुकट विकायला आलेली मावशी बांधावरून हसली, ‘‘काय गो, यंदाची थंडी कोयता घेऊन आलेली काय?’’ तुम्ही वाकून बुंध्यावरचा तिरका काप अंगठ्यानं चाचपलात. ‘‘थंडीच हाय ती. तू तुझी सुकट दाखव.’’

बस, एवढंच. पुढे वाडीचा कोयता तुम्ही माझ्याच हाती देत राहिलात. खोटेपणावर मी किती व्यासपीठांवरून कोरडे ओढले, दादा, पण ते एक वाक्य तुमच्यासमोर दुरुस्त करता आलं नाही. तुम्ही रागावला असतात तर वाद घातला असता. वाद मला येतो.

आणि वर पहिल्या ओळीत लिहिलं तेही खरं नाही. आज सकाळी एका वेलीला नख लावलं. खाली हिरवं होतं. तरीही दुपारी कोयता मागायला गेले. शेजारीण घरी नव्हती, म्हणून वेली उभ्या आहेत.